पासंग

हँगरच्या दारात बटाट्यांचा जुना काटा आहे.
रविवारी सकाळी सातला, गवत ओलं असतानाच,
मी सगळ्यांना त्याच्यावर उभं करते,
पॅराशूट पाठीवर घेऊन.
लाजायचं काही नाही, म्हणते.
लाजतात तरी.

रादझिमिर बेकरीवाला: एकशे एकोणीस.
योव्हिता, वय सोळा: एकोणपन्नास.
कॉकपिटमध्ये, उंचीमापकाच्या शेजारी, पितळी पट्टी:
पुढची खुर्ची. किमान पंचावन्न, कमाल एकशे दहा.
पन्नास वर्षं झाली,
या आकड्यांनी कुणाला भीक घातलेली नाही.

योव्हिताचं सोपं आहे.
सीटखाली शिशाच्या दोन वड्या, तीन-तीन किलोच्या,
बोल्टने आवळल्या की झालं.
तिला त्या वड्या आवडत नाहीत.
"माझ्यात काही कमी आहे, म्हणून हा पासंग?"
मी सांगते, नाक हलकं झालं की हे ग्लायडर
मान वर काढतं,
आणि आभाळाकडे बघता बघता वेग सांडून बसतं.
पुढचं सांगावं लागलं नाही.
पाना तिने स्वतःच उचलला.

रादझिमिरला काय सांगू?
नाकापेक्षा मोती जड, एवढंच तोंडात येतं
आणि ते मी गिळते.

तो हिशोबी माणूस. मीठसुद्धा ग्रॅमने घेणारा.
म्हणाला, बोगुमिला, तू जेमतेम एक्कावन्न.
आपली बेरीज बसते की!
बसते.
पण पुढच्या खुर्चीला बेरीज येत नाही.
तिला फक्त तिच्यात बसलेला माणूस कळतो.
आणि माझी खुर्ची मागे, पंखाखाली,
जवळजवळ तराजूच्या काट्यावरच.
तिथे मी असले काय, नसले काय,
पारडं फारसं हलत नाही.
बावीस वर्षं शिकवते आहे. हे कळायला
त्यातली दहा गेली.

मग त्याने पॅराशूट उतरवलं. एकशे अकरा.
बूट काढले. पट्टा. बेकरीच्या किल्ल्यांचा जुडगा,
चष्म्याचं घर, खिशातला अर्धा पाव.
काटा एकशे दहावर आला, थरथरला, थांबला.
मोज्यांवर उभा असलेला एवढा मोठा माणूस
माझ्याकडे असा बघत होता
की मी नजर फिरवून धावपट्टीवरचा वारा बघितला.

म्हणाला, कारखान्यात थोडी सूट ठेवलेली असतेच ना?
असते.
कुणीतरी त्या खुर्चीत वाळूची पोती रचली असतील,
लाकूड कण्हेपर्यंत,
आणि मग घरी जाऊन, जेवून, विचार करून
त्याहून बराच लहान आकडा लिहिला असेल.
मधली शिल्लक आहे, रादझिमिर.
पण ती वाऱ्याच्या नावावर आहे.
डोंगरावरून तो अचानक येतो
आणि आपली रक्कम एकदम काढून घेतो.
पॅराशूट घाल. बूटही घाल, गवत ओलं आहे.

तो बोलला नाही. गेलाही नाही.
त्या उन्हाळ्यात विंचवर बसला.
तार ओढायची, सोडायची, टोकाशी कोण आहे
ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं.
योव्हिता पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी
रेडिओवर त्याचा आवाज आला:
आज मागे कुणी नाही, पण वड्या आहेत. बरोबर?
बरोबर, मी म्हटलं.
वर ती बेस्किडच्या उतारावर वळण घेत होती,
डावा पंख थोडा जास्तच खाली.
माझे हात मोकळे होते.
कुठे ठेवावेत ते मला सुचेना.

ऑक्टोबर. बटाटे निघाले आहेत,
काटा आठवडाभर शेजाऱ्यांकडे होता, मातीसकट परत आला.
रादझिमिर त्याच्यावर चढतो, पाठीवर पॅराशूट, पायात बूट.
पोटाकडे बघत नाही. माझ्याकडेही नाही.
एकशे अकरा.
योव्हिता श्वास रोखून उभी आहे,
जणू तिच्या श्वासानेही भर पडेल.
पहाटेच्या भट्टीवरून तो थेट इथे आलेला,
कोपरापर्यंत पांढरा.

बाह्या झटक, मी म्हणते.
आधी ते पीठ झटक.